पाचगणीचे बारा कॉम्प्युटर

अश्फाक,

तुला फोन केला की तू शिडीवर असतोस. ‘बाई, शिडीवर हाय, उतारलो की करतो,’ म्हणतोस आणि उतरल्यावर विसरतोस. म्हणून लिहायला बसले. रागावून नव्हे. रागवायला कुणाची तरी चूक सापडावी लागते आणि गेलं वर्षभर शोधूनही मला ती सापडलेली नाही.

पण ‘तू असा वागलास, तू तसं म्हणालास’ असं लिहीत गेले तर तू मनातल्या मनात दर ओळीला ‘तसं न्हवतं बाई’ म्हणशील. मला मध्ये अडवलेलं खपत नाही, तुला ठाऊक आहे. तेव्हा तिऱ्हाइताची गोष्ट सांगावी तशी सांगते. त्यात एक बाई येईल ती मीच, तिच्याकडे फारसं लक्ष देऊ नकोस.

म्हसवडच्या शिकलगारांकडे बापजाद्यांपासून धार लावायचं काम. अश्फाकचा बाप मौला, सायकलला धारेचं चाक बांधून अख्खा माण तालुका पालथा घालायचा. मेंढरं कातरायचे दिवस आले की त्याचा मुक्काम धनगरांच्या वाड्यावर. लोकर कातरायच्या कात्र्या त्याच्यापुढे ढिगानं पडत. कात्री झिजून अर्धी झाली असली तरी ‘ही टाक, दुसरी घे’ असं मौलाच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. पातं शिल्लक आहे ना, मग काम शिल्लक आहे, एवढंच त्याला कळायचं.

पोराला मात्र त्या चाकाचा कंटाळा. ठिणग्या उडाल्या की डोळे मिटून घ्यायचा आणि बापाच्या शिव्या खायचा. दहावीनंतर तो मिरजेला एका रेडिओ-टीव्हीवाल्याच्या हाताखाली राहिला. तिथं रेडिओ संपले, टीव्ही संपले, कॉम्प्युटर यायला लागले, आणि अश्फाक कॉम्प्युटर खोलायला शिकला. मौलाचे हात थरथरायला लागले तेव्हा म्हसवडला परत आला. शाहजादीशी लग्न झालं, घराच्या ओट्यावर तिचं शिलाई मशीन आणि याचं दुरुस्तीचं टेबल, दोन्ही शेजारी शेजारी. कुणी बंद पडलेला कॉम्प्युटर आणून ‘भंगारात घालू का?’ विचारलं की तो म्हणायचा, ‘थांबा की जरा. बघू तरी.’ आवाज हुबेहूब मौलाचा.

गावच्या वाचनालयात आठ कॉम्प्युटर होते. एका बंद पडलेल्या पतसंस्थेनं जाता जाता दिलेले. आले तेव्हाच म्हातारे. चालू केले की माणसानं चहा पिऊन यावं, तोवर पडदा निळाच. वाचनालयाचे अध्यक्ष जोतीअण्णा, म्हणजे फौजेतले रिटायर हवालदार जोतीराम. त्यांच्या थोरल्या भावानं हे वाचनालय काढलं, तो गेल्यावर खुर्ची यांच्याकडे आली. समितीतली बाई, शाळेतून निवृत्त झालेली, म्हणाली, अश्फाकला बोलवा.

अश्फाकनं आठही कॉम्प्युटर पुसून त्यांच्यावर लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मुळातली व्यवस्था, जी कुठल्या एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरचे लोक आपापल्या घरी बसून ती लिहितात, दुरुस्त करतात आणि वाटून टाकतात. तिच्यातलाच एक हलका प्रकार त्यानं निवडला होता, म्हाताऱ्या यंत्रांना झेपेल असा. याहून जास्त मला कळत नाही आणि वाचणाऱ्याचंही त्यावाचून अडणार नाही.

जोतीअण्णांना संशय आला.

‘फुकट कसं काय रं? मी बावीस वर्षं फौजंत काढली. फुकटात बुटाची नाडीसुदिक मिळाली न्हाई.’

‘आवं अण्णा, लोकं मिळून करत्यात.’

‘कोन लोकं?’

‘कुठली कुठली. ब्राझीलचं हायत, पोलंडचं हायत, आपल्या केरळचं लय हायत.’

‘आन पगार?’

‘सिद्धनाथाचा रथ वडायला तुमाला पगार असतो काय?’

अण्णा म्हणाले, ‘रथाला देव असतो.’

‘इथं न्हाई. इथं नुसता दोर हाय,’ अश्फाक म्हणाला आणि आठवा कॉम्प्युटर चालू करून दाखवला. चहाला जायला वेळच मिळाला नाही.

कॉम्प्युटरची ती खोली पुढं सहा-सात वर्षं चांगली चालली. शिष्यवृत्तीचे अर्ज, भरतीचे अर्ज, सातबाऱ्याचे उतारे. ज्यांचे नवरे मुंबईला त्या बायका दुपारी यायच्या, आधी दारात चप्पल काढायच्या, मग कॉम्प्युटरला नमस्कार करायच्या. अश्फाक सांगायचा, ‘मावशी, देव न्हाई त्यो, माऊस धरा.’ मंगल नावाची अंगणवाडी मदतनीस तर एवढी तरबेज झाली की दुसऱ्यांचे अर्ज तीच भरून द्यायची आणि चुकलं की अश्फाकलाच ओरडायची.

एकदा एका कॉम्प्युटरमधून आवाजच येईना. अश्फाकनं सगळे उपाय केले, शेवटी बाईंकडून चार ओळी इंग्रजीत लिहून घेतल्या आणि लिनक्सच्या त्या लोकांना कळवलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी उत्तर पाठवलं, सोबत दुरुस्ती. तसं केलं आणि आवाज आला. अश्फाक धावत बाईंच्या घरी. ‘बाई, त्यानं पैसं मागितलं न्हाईत, उलट मलाच थँक्यू म्हनला. म्हनला, तू सांगितलंस म्हनून आमाला चूक कळली.’ त्या दिवसापासून तो स्वतःला त्या दोराला लागलेला माणूस समजायला लागला. काही शब्द मराठीत करून पाठवायचा, नवी आवृत्ती आली की आपल्या म्हाताऱ्यांवर चालते का ते बघून कळवायचा. शाहजादी म्हणायची, गिऱ्हाइकाचा पंखा चार दिवस पडलाय आणि हे पोलंडची कामं करतात.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मंगल पुतणीचा नर्सिंगचा अर्ज भरायला बसली. पान उघडेना. पांढरं पडायचं, फिरायचं, पुन्हा पांढरं. तिनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघितलं, तिसऱ्यावर बघितलं.

‘सर्व्हर डाऊन असंल,’ ती म्हणाली. आपल्याकडे काहीही उघडलं नाही की सर्व्हरच डाऊन असतो.

अश्फाक तिच्या मागं उभा होता. त्याला दिसलं होतं की सर्व्हर धडधाकट आहे. तरी तो म्हणाला, ‘व्हय, असंल. सांजच्याला ये.’

संध्याकाळपर्यंत त्याला काय झालं ते कळलं. ती पानं आता नव्या ब्राउझरखेरीज उघडत नव्हती, आणि नवा ब्राउझर या जुन्या जातीच्या यंत्रांसाठी निघायचा बंद झाला होता. पानं दाखवणारी खिडकीच जुनी पडली म्हणा ना. तो रोज एक नवी खटपट करायचा. एखादी चालायची, आठ दिवस चालायची, मग सरकारी पान पुन्हा काहीतरी बदलायचं. मंगल संध्याकाळी आली, तिसऱ्या दिवशी आली, मग एस.टी.नं दहिवडीला जाऊन अर्ज भरून आली. ती ओरडली असती तर अश्फाकला बरं वाटलं असतं.

त्यात पावसाळ्यात लिनक्सवाल्यांची सूचना आली. एका दुपारी त्यानं बाईंना खोलीत बोलावून पडद्यावर दाखवली. इंग्रजी साधंच होतं, पण त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. बाईंनी वाचून दाखवलं: जुन्या बत्तीस बिटच्या यंत्रांसाठी यापुढे नवी आवृत्ती निघणार नाही. अशी यंत्रं आता फार थोड्यांकडे उरली आहेत आणि ती तपासायला, सांभाळायला माणसं उरलेली नाहीत. आजवर ज्यांनी हे काम केलं त्यांचे आभार.

‘शिव्या घालाव्या तर कुनाला?’ अश्फाक म्हणाला. ‘आभार मानल्यात की त्यांनी.’

बाईंचा स्वभाव असा, की काहीतरी करायचंच. ‘माणसं उरली नाहीत म्हणतायत ना? मग तू हो पुढं. तू सांभाळ.’

अश्फाक कसंनुसं हसला. ‘बाई, मी धार लावनारा मानूस. हे पोलाद वतायचं काम हाय. पातंच येनार नसंल तर मी चाक फिरवून काय करू?’

बाईंना नकार ऐकायची सवय नाही, म्हणून त्या जरा चिडल्या. ‘मग काय करायचं ते सांग.’

‘नव्या जातीची मशिनं पायजेत. नवी कोरी न्हाई म्हनत मी. दहा-बारा वर्षं जुनी चालतील, फक्त चौसष्ट बिटची. त्याच्यावर आपलं लिनक्स अजून लय वर्षं जाईल.’

इकडे समितीत चुळबुळ सुरू झालेलीच होती. खोलीत कुणी येत नाही, वीज मात्र जळते. मोबाईलच्या दुकानाला ती जागा हवी होती. जोतीअण्णांनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली: अर्ज पुन्हा भरायला लागले तर खोली राहील, नाहीतर जाईल. अण्णांना खोली घालवायची हौस नव्हती, पण वाचनालयाचं छत गळत होतं आणि ते कुणी फुकट नीट करणार नव्हतं.

आणि नेमका बिराप्पाचा फोन आला.

बिराप्पा जतकडचा, पाचगणीच्या एका निवासी शाळेत भांडारपाल. त्याच्या बापाच्या कात्र्यांना मौलानं धार लावलेली, त्यामुळे दोन्ही घरांची ओळख जुनी. त्या शाळांमधून पोरांना दर काही वर्षांनी नवे कॉम्प्युटर लागतात. जुने, म्हणजे आपल्या दृष्टीनं चांगले तरणेताठे, भांडारात पडतात.

‘बारा हायेत,’ बिराप्पा म्हणाला. ‘तुझ्या त्या चौसष्टचेच. म्याडम द्यायला तयार हायेत. वाचनालयाचं पत्र आण, अध्यक्षाची सही-शिक्का आण, आणि घेऊन जा. पण ह्या पंधरवड्यात हां. नंतर भांडार पाडून तिथं दुसरं काय तरी बांधनार, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.’

अश्फाकनं फोन ठेवला आणि शाहजादीला म्हणाला, आज मटण कर. मग सायकल काढून बाईंकडे. बाईंच्या भाच्याची मोठी गाडी होती, ती दोन दिवसांसाठी मिळणार होती. ठरलं असं, की बाईंनी म्याडमशी इंग्रजीत गोड बोलायचं, अश्फाकनं कॉम्प्युटर तपासून घ्यायचे, आणि परत येताना वाईला जेवायचं. बाईंनी पत्र तिथल्या तिथं लिहून टाकलं. सही तेवढी राहिली.

ती घ्यायला दोघं वाचनालयात गेली. अण्णा दाढी वाढवून बसले होते. बाईंच्या तेव्हा लक्षात आलं की पितृपंधरवडा सुरू आहे.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला. ‘चांगलं काम केलंस गड्या. लय चांगलं. घटस्थापनेला सही करतो.’

‘अण्णा, भंगारवाला त्याच्या आधी येनार हाय,’ अश्फाक म्हणाला.

‘म्हाळ चाललेत रं. ह्या दिसांत नवी वस्तू आणत न्हाईत.’

बाई म्हणाल्या, ‘नवी कुठली? दहा वर्षं वापरून टाकलेली आहेत.’

‘जुनी त्यांची. आपल्याला नवीच की.’

‘मग इथं आणत नाही. अश्फाकच्या ओट्यावर ठेवू, घटस्थापनेला इकडे आणू. त्याच्याकडे कुठला पंधरवडा?’

‘आन सही? सही माझी हाय नव्हं बाई. सही केली म्हंजे घेतलंच की.’

बाईंनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे या विषयावर एक भाषण तयार असतं, गावानं ते अनेकदा ऐकलं आहे. पण अण्णांनी त्याआधीच खाली बघत सांगितलं की थोरल्याचा म्हाळ अजून घालायचा आहे. हे वाचनालय त्याचं. त्याच्या जागेत, त्याच्याच दिवसांत आपण काही वेडंवाकडं केलं असं नको. फौजेतला माणूस, आवाज कधी खाली येत नाही, तो आला. बाईंचं भाषण तिथंच राहिलं.

मग अण्णा अश्फाककडे वळले. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. ‘तू काय म्हंतोस रं? तू सांग. तू म्हनशील तर करतो सही.’

वाचनालयात पेपर वाचत बसलेले दोघंतिघं मान वर करून बघायला लागले.

अश्फाकला त्या क्षणी फक्त एक शब्द बोलायचा होता. ‘करा.’ अण्णांनी सही केली असती, हे त्याला दिसत होतं. पण पुढं अण्णांच्या घरात कुणाला नुसता ताप आला असता, सून जिन्यावरून घसरली असती, म्हैस आटली असती, तरी ते त्या शब्दापाशी येऊन थांबलं असतं. अण्णा काही बोलले नसते. बाकीचे बोलले असते. शिकलगाराच्या पोरानं म्हाळात सही करायला लावली.

‘तुमच्या रितीत मी काय बोलू अण्णा,’ तो म्हणाला. ‘तुमी ठरवा.’

‘मग घटस्थापनेला,’ अण्णा म्हणाले, आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

बाहेर आल्यावर बाई त्याच्यावर उखडल्या. ‘तुला विचारत होता ना तो? तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?’

‘बाई,’ अश्फाक सायकलचं कुलूप काढत म्हणाला, ‘तुमी बोलू शकत हुता. तुमी बी न्हाईच बोललात.’

ते खरं होतं. भाच्याची गाडी येऊन दारात उभी राहिली आणि दोन दिवसांनी परत गेली.

त्यानं बिराप्पाला रोज फोन केला. बिराप्पा म्हणायचा, ‘धरून ठेवलंय रे.’ मग म्हणायला लागला, ‘किती धरू? मी नोकर मानूस.’ एकदा अश्फाक एकटाच पाचगणीला जायला निघाला, म्हटलं म्याडमचे पाय धरू, सही मागनं देतो म्हणू. दहिवडीच्या स्टँडवर उतरून तासभर बसला आणि परत आला. बिनसहीचा कागद घेऊन दारात कुठला कोण शिकलगार उभा आहे, हे त्याला तिथं बसल्या बसल्या दिसलं होतं. हे त्यानं शाहजादीलाही फार उशिरा सांगितलं.

घटस्थापनेच्या सकाळी जोतीअण्णा अंघोळ करून, गंध लावून, स्वतः अश्फाकच्या ओट्यावर आले. पत्रावर सही होती, शिक्का होता, वर हळदीकुंकवाची बोटं होती. टेम्पोही त्यांनीच सांगितला होता. ‘चल गड्या, आज दिस चांगला हाय.’

अश्फाकनं त्यांच्यासमोरच फोन लावला. बिराप्पानं पहिल्याच रिंगला उचलला. अमावास्येलाच गाडी आली होती. बाराही गेले. सोबत तारा, छपाईयंत्रं, एक जुना फ्रीज. ‘मी म्हनलं त्याला, हे वेगळे काढ. तो म्हनला, वजनावर घेतलंय.’

अण्णांना फोनमधलं सगळं ऐकू आलं होतं. ते ओट्याच्या कडेला बसले. शाहजादीनं चहा आणला. अण्णांनी तो घेतला, नऊ दिवसांच्या उपासात घराबाहेरचं पाणीही चालत नसताना. बशीत ओतून फुंकत राहिले आणि म्हणाले, ‘थोरला असता तर त्यानंच सही केली असती रं. त्यो असलं कायच मानत नव्हता.’

अश्फाक म्हणाला, ‘चहा घ्या अण्णा. गार हुतोय.’

दिवाळीनंतर खोलीत मोबाईलचं दुकान लागलं. चांगलं चालतं. मंगल तिथंच जाऊन रिचार्ज करते, अर्ज फोनवर भरते, बोटानं, डोळे बारीक करून. आठ कॉम्प्युटर अण्णांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. भंगारात घालू नका, एवढं अश्फाकनं मागितलं आणि अण्णांनी शब्द दिला. ते अजून चालू होतात. वर्षानुवर्षांची सगळी अक्षरं, पाढे, चित्रं त्यात जशीच्या तशी आहेत. फक्त बाहेरचं काही त्यांना आता कळत नाही.

दुरुस्तीची कामं कमीच झाली होती. अश्फाक आता इस्लामपूरच्या एका ठेकेदाराकडे आहे. दुकानांना, बंगल्यांना, पोल्ट्र्यांना कॅमेरे बसवतो. दिवसभर शिडीवर. रविवारी घरी येतो. संध्याकाळी बाईंकडे चक्कर टाकायचा तेव्हा एकदा म्हणाला, ‘बाई, त्यातला एक तरी तुमच्याकडं आनून ठिवू. नेट नसलं म्हनून काय झालं. तुमाला लिवायला चालंल. मराठी टायपिंग झकास हाय त्याच्यात, निम्मे शब्द मीच धाडल्यात.’

बाईंना हवाच होता. ‘पुढच्या रविवारी जाऊ,’ त्या म्हणाल्या. किल्ली अण्णांकडे, अण्णांची ना नव्हती. पुढच्या रविवारी अश्फाकला कवठेमहांकाळला कॅमेऱ्याचं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारी बाईंचा गुडघा सुजला. मग अण्णा लष्कराच्या पेन्शनच्या कामाला साताऱ्याला, मग ईद, मग कुणाचं लग्न. ज्वारी निघाली तशी अण्णांच्या मुलानं शेडमध्ये कडबा रचला, दारापासून आढ्यापर्यंत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की मागं काही काढायचं आहे. अण्णा म्हणाले, कडबा खाऊन संपला की काढू, जनावरं काय, उन्हाळ्यात संपवतील.

एरवी माणात कडबा पुरत नाही. यंदा वळीव लय झाला, बांधाबांधाला हिरवं आहे, जनावरं कडब्याकडे ढुंकून बघत नाहीत. काल मी अण्णांकडे चौकशी केली. ते म्हणाले, वरची एक पेंढीही हललेली नाही.